सतरा नंबरची शून्यं

शाळेच्या खेळाच्या खोलीत मी पट्टे मोजून पेटीत भरत होते, तेव्हा एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. बारा वर्षांची असेल. आत ये म्हटलं तर आली, पण टेबलापासून दोन पावलं अलीकडेच थांबली.

“मापवाल्या मॅडम तुम्हीच ना?”

“हो.”

“मी सातवी ब, सतरा नंबर. तुमच्या कागदामुळे मी खोटारडी झाले.”

आवाज चढलेला नव्हता. बाहेरचा नळ चालू राहिलाय असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. मी हातातला पट्टा खाली ठेवला.

आमचं काम तसं सोपं आहे. मुलं दिवसभरात किती हलतात ते मोजायचं. विचारून ते कळत नाही. मुलाला विचारलं तर ते म्हणतं, दिवसभर खेळलो. आईला विचारलं तर ती म्हणते, दिवसभर लोळत होता. आणि दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत असतात. म्हणून आम्ही कमरेला पट्टा बांधतो. त्यावर उजव्या बाजूला काडेपेटीएवढी डबी असते आणि ती सेकंदाला तीस वेळा स्वतःची हालचाल टिपते. सात दिवस पट्टा अंगावर ठेवायचा. आंघोळीला आणि रात्री झोपताना काढायचा, आणि काढला की सोबतच्या डायरीत वेळ लिहायची. आठवडा संपला की डब्या संगणकाला जोडायच्या आणि शाळेला एक कागद पाठवायचा. कागदावर नावं नसतात, फक्त हजेरी क्रमांक. त्यामुळे कुणाचं गुपित फुटत नाही, असं आम्ही धरून चालतो. वर्गातल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा हजेरी क्रमांक पाठ असतो, हे मला नऊ वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

त्या कागदाचा शेवटचा रकाना ‘डायरीशी तफावत’ असा असतो. सतराच्या रांगेत माझ्याच प्रिंटरनं छापलं होतं: रोज ४.०० ते ५.३०, पट्टा घातला नाही, डायरीत नोंद नाही. सातही दिवस.

“सरांनी मैदानावर वाचून दाखवलं,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर. म्हणाले, गोगलगाय नि पोटात पाय.”

“गोगलगाय?”

“मला म्हणतात. धावण्यात शेवटची असते ना मी.” त्याचं तिला फारसं काही वाटत नसावं. “ते चालतं. पण त्यांनी गुणवही काढून घेतली.”

शाळेच्या सामन्यांत गुण लिहायचं काम दोन वर्षं तिच्याकडे होतं. मैदानाच्या कडेला टेबल टाकून, पेन्सिल घेऊन, सामना संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. येत्या शनिवारी चार शाळांचे सामने होते. सरांचं म्हणणं असं, की जी घरी बसून खोटं लिहिते तिच्या हातात गुणवही दिली तर बाकीच्या तीन शाळांना आम्ही कुठल्या तोंडानं सामोरं जायचं.

“चार वाजता पट्टा काढत होतीस?” मी विचारलं.

“नाही.”

“कपडे बदलताना? विसरून?”

“नाही.”

“मग काय करत होतीस?”

आता पहिल्यांदाच तिनं मान खाली घातली. “बसले होते.”

“नुसती?”

“नुसती.”

“दीड तास?”

“यंत्राला विचारा ना,” ती म्हणाली. “तुमचंच आहे.”

आणि ती गेली.

तेच खेळाचे सर दाराबाहेर, भिंतीपाशी चेंडूत हवा भरत होते. सगळं त्यांच्या कानावर पडलं होतं. ते काही दुष्ट माणूस नव्हते. पाच मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधून मग स्वतःची शिट्टी शोधणारे होते.

“मॅडम, तुमचाच नियम आहे,” ते पंप न थांबवता म्हणाले. “साठ मिनिटं सलग शून्य आली म्हणजे पट्टा अंगावर नाही. तुम्हीच समजावून सांगितलंत. आता मुलगी रडवेली झाली म्हणून नियम बदलायचा?”

“ती रडली नाही.”

“तेच तर,” सर म्हणाले. “खरं असतं तर रडली असती.”

नियम माझाच होता, हे मात्र खरं. नऊ वर्षांपूर्वी आम्ही चाळीस मुलांना एकेक दिवस नुसतं बघत बसलो होतो. वाचताना, टीव्ही पाहताना, कंटाळून भिंतीला पाय लावून पडलेली असताना. अगदी जराही न हलता सर्वांत जास्त वेळ टिकलेलं मूल एकोणीस मिनिटं टिकलं. मी तिप्पट वेळ धरली, वर थोडी सूट दिली आणि लिहिलं की मूल साठ मिनिटं दगडासारखं बसत नाही. तसं दिसलं तर पट्टा काढलेला आहे असं समजावं. त्या वाक्यावर सही केली आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही. पायाखालच्या फरशीकडे कोण पाहतं?

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सतरा नंबरची कच्ची फाइल उघडली.

कच्ची फाइल आम्ही सहसा उघडत नाही. एका मुलाच्या एका आठवड्याचे पाच कोटींवर आकडे होतात. संगणक ते गाळून घेतो. गाडीचे हादरे, पंख्याची थरथर, असल्या बारीकसारीक गोष्टी जाळीत अडकतात आणि खाली उरतात ती पावलं, उड्या, धावणं. गाळून काहीच उरलं नाही की आमच्या तक्त्यात शून्य येतं. म्हणजे आमची शून्यं ही खरी शून्यं नसतात. गाळलेला चहा म्हणजे पातेल्यात पत्ती नव्हतीच, असं नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण बसते. तिचं काम संख्याशास्त्राचं, तोंड मात्र बाजारातलं. तिनं खुर्ची सरकवून माझ्या पडद्याकडे पाहिलं.

“सकाळी सकाळी कच्चं खायला बसलीस?”

मी तिला सगळं सांगितलं.

“अगं, काढून ठेवला असेल पोरीनं. खेळायला जाताना टोचतो म्हणून.”

“टेबलावर ठेवला असता तर डबी आडवी पडली असती,” मी म्हणाले. डबी उभी आहे की आडवी हे कच्च्या आकड्यांत कळतं, कारण पृथ्वी तिला सतत खाली ओढत असते. “ही बघ. चार ते साडेपाच, सातही दिवस, उभी आहे.”

“मग खुंटीला टांगला असेल.”

हे मला सुचलं नव्हतं. खुंटीला टांगलेला पट्टाही उभाच राहतो. मैत्रीण जिंकल्यासारखी चहा आणायला गेली.

ती परत येईपर्यंत मी पडद्यावरची रेघ मोठी करत गेले. दहापट, मग शंभरपट. खुंटीवरचा पट्टा असता तर रेघ सरळ राहिली असती. ही सरळ नव्हती. अगदी बारीक, अंगावर काटा यावा तितकीच, पण ती वरखाली होत होती. एकसारखी. मी खालच्या वेळेच्या पट्टीवर मोजलं. मिनिटाला सतरा.

“खुंटीला श्वास नसतो,” मी मैत्रिणीला म्हणाले.

तिनं कप ठेवला. चष्मा वर सरकवून वाकून पाहिलं.

“पोरगी खरंच बसली होती,” ती म्हणाली. “पण हे दुसरं काय आहे?”

दुसरंही होतं. चार वाजून दहा-बारा मिनिटं झाली की त्या बारीक लाटेवर आणखी एक लाट चढत होती, पहिलीपेक्षा ठळक. आधी मिनिटाला सव्वीस, मग हळूहळू चोवीस, मग बावीस, आणि तिथंच स्थिर. पहिल्यांदा मला वाटलं, डबी बिघडली. पण बिघडलेली डबी रोज चार वाजून दहा मिनिटांनी बिघडत नाही, आणि साडेपाचला रोज दुरुस्त होत नाही. साडेपाचच्या सुमारास एक मोठा हेलकावा यायचा, मग अकरा पावलं, थोडा थांबा, आणि परत अकरा पावलं.

पहिली लाट जेमतेम दिसत होती, कारण श्वास कमरेवर नीट उमटत नाही, छातीवर उमटतो. दुसरी मात्र तिच्या सगळ्या धडालाच हलकेच पुढे ढकलत होती. दर वेळी मागून पुढे. डाव्या-उजव्या बाजूला काहीच नाही.

“ऊठ,” मी मैत्रिणीला म्हणाले.

“का?”

“खाली बस.”

“आता काय उठाबशा काढायला लावतेस का या वयात?”

पण ती बसली. मी कमरेला पट्टा बांधला, तिच्याकडे पाठ करून बसले आणि तिला म्हटलं, टेक माझ्या पाठीला. आधी बिचकत टेकली, मग सगळा भार टाकला. तिचं वजन मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त निघालं. हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही. आम्ही दोघी प्रयोगशाळेच्या फरशीवर पाठीला पाठ लावून बसलो असताना विभागप्रमुख दारात आले.

“काय चाललंय?”

“श्वास घेतोय, सर,” मैत्रीण म्हणाली.

ते क्षणभर उभे राहिले आणि दार हलकेच ओढून निघून गेले.

दहा मिनिटांची फाइल उघडली. दोन लाटा. माझी जेमतेम, तिची ठळक, मागून पुढे. मला एवढंच जमलं. दहा मिनिटांत माझी नडगी दुखायला लागली होती, दोनदा नाक खाजलं होतं, आणि त्या दोन्ही गोष्टी रेघेत डोंगरासारख्या उभ्या होत्या. सतराच्या रेघेत दीड तासात एकही डोंगर नव्हता.

*

बुधवारी मधल्या सुट्टीत मी तिला जिन्याखालच्या बाकावर गाठलं. ती डबा खाऊन झाकण लावत होती.

“यंत्राला विचारलं,” मी म्हणाले. “पट्टा अंगावर होता. तू खरं लिहिलं होतंस.”

तिनं मान हलवली. तिला ही बातमी नव्हतीच.

“एक विचारायचंय. सांगायचं नसेल तर सांगू नकोस, माझं काही अडणार नाही. तुझ्या पाठीला कोण टेकतं?”

डब्याचं झाकण तिनं पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं.

“ते यंत्रात दिसतं?”

“कोणीतरी टेकतं एवढं दिसतं. कोण ते दिसत नाही.”

“आजोबा,” ती म्हणाली. मग घाईघाईनं: “पण त्यांना माहीत नाही.”

“काय माहीत नाही?”

“की ते झोपतात.”

मग तिनं सांगितलं, तुटक तुटक, मधेच जिन्यावरून कोणी उतरलं की थांबत. आजोबांची फुप्फुसं थकली होती. आडवं पडलं की जीव घाबरा होतो, म्हणून रात्रभर पलंगावर उशांना टेकून बसायचे. उशा सरकतात, सरकल्या की जाग येते. झोप अशी मिळतच नाही. शाळेतून आल्यावर ती त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. एकदा खाली सतरंजीवर बसून वाचत असताना ते म्हणाले, जरा पाठ टेकतो गं, तू वाच. दोन रकाने वाचून होईपर्यंत त्यांना झोप लागली होती. माणसाची पाठ उशीसारखी सरकत नाही.

“मग मी वाचायची थांबते. आणि हलत नाही. हलले तर जागे होतात.”

“आणि जागे झाले की?”

“म्हणतात, हं, पुढे? मग मी तिथूनच पुढे वाचते.”

“त्यांना वेळ कळत नाही? घड्याळ असेल ना समोर.”

“चष्मा काढून ठेवलेला असतो. तो पाण्याबरोबर मीच आणून देते. नंतर.”

अकरा पावलं, थोडा थांबा, अकरा पावलं.

“मग सरांना का नाही सांगितलंस?”

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मोठी माणसं शिकून नक्की काय करतात असा प्रश्न तिला पडला असावा.

“सर आईला सांगणार. शेजारच्या काकूंचा मुलगा आमच्याच वर्गात आहे, तो काकूंना सांगणार. काकू आजोबांना विचारणार, काय हो, नातीच्या जिवावर झोपता म्हणे. मग ते टेकणार नाहीत.” ती थांबली. “ते टपालखात्यात होते. तीस वर्षं चालून टपाल वाटलं. म्हणतात, मी कधी कुणावर भार टाकला नाही.”

“डायरीत तरी लिहायचंस.”

“कुठे लिहू? डायरीत ‘काढला’ आणि ‘घातला’ एवढंच आहे. ‘बसले होते’ असा रकानाच नाही.”

डायरीही मीच आखली होती.

“मला गुणवही पाहिजे,” ती म्हणाली. “पण आजोबांचं नाव घेऊन नको.”

घंटा झाली. ती उठली आणि रांगेत सर्वांत मागे जाऊन उभी राहिली.

*

कच्च्या फाइलीचा अभ्यासात वापर करायचा तर पालकांची वेगळी सही लागते. तिची आई बेकरीत कामाला होती आणि साडेपाचला घरी यायची. गुरुवारी मी साडेपाचची वेळ घेतली आणि सव्वापाचला पोचले. मोजणाऱ्या माणसाची ही खोड असते. उशीर होऊ नये म्हणून इतकं आधी पोचायचं की त्यानं दुसऱ्याची पंचाईत व्हावी.

तिसऱ्या मजल्यावरचं दार मुद्दाम किलकिलं ठेवलेलं होतं. कोणी कडी वाजवू नये म्हणून, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मी बोटानं ते थोडं ढकललं.

खोली लहान होती, नीटनेटकी. खिडकीखाली पलंग, त्यावर पाच उशांचा ढीग. खाली सतरंजीवर ती मांडी घालून बसली होती, मांडीवर वर्तमानपत्र उघडं. तिच्या पाठीला पाठ लावून आजोबा, पाय लांब सोडलेले, मान जराशी एका खांद्याकडे कललेली. उंच माणूस. तळपाय मोठे आणि रुंद. तिला त्यांचं अर्धं तरी वजन पेलावं लागत असेल. ती किंचित पुढे वाकली होती, जोराच्या वाऱ्यात चालताना माणूस वाकतो तशी, पण जागच्या जागी. तिनं मला पाहिलं. हात हलवता येत नव्हता, मान हलवता येत नव्हती. तिनं फक्त भुवया वर केल्या.

मी चप्पल न काढता दारातच उभी राहिले. सवयीनं मोजायला लागले. बावीस. एक माशी वर्तमानपत्रावरून तिच्या मनगटावर आली, कोपरापर्यंत चढली, परत उतरली. मुलीनं तिच्याकडे फक्त डोळ्यांनी पाहिलं.

बाराएक मिनिटांनी आजोबांची मान सरळ झाली. खोकले.

“हं, पुढे?”

“‘पुलाच्या दुरुस्तीचं काम येत्या महिन्यात सुरू होईल, असं अभियंत्यांनी सांगितलं,’” तिनं लगेच वाचलं. आवाज जरा घोगरा आला.

“हे तर मघाशीच वाचलंस.”

“मघाशी पुलाची लांबी वाचली.”

“बरं, बरं. ऐकतोय मी. डोळे मिटले म्हणजे माणूस झोपला असं नाही.” मग त्यांना दारात कोणीतरी असल्याची चाहूल लागली. “कोण आहे?”

ती उठली. पहिलं पाऊल टाकताना तिचा एक पाय मुंग्यांनी लटपटला. ते मी पाहिलं, त्यांनी नाही. आत जाऊन ती पाणी आणि चष्मा घेऊन आली.

“या बाई, या,” चष्मा लावून आजोबा म्हणाले. “त्या पट्टेवाल्या तुम्हीच का? हिची हालचाल मोजता म्हणे! काय मोजणार? ही हलतच नाही. जिथे बसवावी तिथे बसून राहते. हिच्या वयाचा मी असताना घरात माझी सावलीसुद्धा दिसत नव्हती.”

“आजोबा,” ती म्हणाली.

“खरं तेच सांगतोय. जरा धावायला लावा हिला.”

“थोडी हलते ती,” मी म्हणाले.

“तुमच्या यंत्राची नजर चांगली दिसते मग,” ते म्हणाले आणि हसता हसता त्यांना पुन्हा खोकला आला.

आई आली. मैद्याची पांढरी रेघ कोपरापर्यंत तशीच होती. सही तिनं बाहेर, जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून केली. मी हलक्या आवाजात विचारलं की डॉक्टरांना दाखवताय ना.

“दर महिन्याला. आडवं झोपवायचं नाही, एवढंच सांगतात.” तिनं पेनाचं टोपण लावलं. “तिनं सांगितलं तुम्हाला?”

“यंत्रानं सांगितलं. तिनं नंतर.”

“ती म्हणते बाबांना माहीत नाही. बाबा मला म्हणतात, पोरीला वाचायची गोडी लागलीय, तिचा हिरमोड नको म्हणून बसतो.” आई किलकिल्या दाराकडे पाहत म्हणाली. “कोण कुणाला फसवतंय ते मला अजून कळलेलं नाही. मी विचारतही नाही.”

*

शुक्रवारी सकाळी मी नियमाचं वाक्य उघडलं. साठ मिनिटं शून्य आली तर पट्टा काढलेला आहे असं समजावं. शेवटचे शब्द खोडले आणि लिहिलं: कच्ची फाइल पाहावी. तक्त्यात ‘पट्टा घातला नाही’ असं जिथे होतं तिथे ‘हालचाल आढळली नाही’ असं केलं. डायरीत आणखी एक रुंद रकाना आखला, कोरा, मथळ्याशिवाय.

“आणि जुनी नऊ वर्षं?” मैत्रिणीनं विचारलं.

“पुन्हा बघायची.”

“सगळी मुलं?”

“तफावत लिहिलेली. दोनशे बारा आहेत.”

“त्यातली दोनशे खुंटीवरच असतील.”

“असतील. ती खुंटीवर होती असं लिहू.”

तिनं एक लांब उसासा टाकला, खुर्ची सरकवली आणि म्हणाली, “दे इकडे अर्धी.”

दुपारी तीन वाजता मी मैदानावर होते. चूक जिथे वाचली गेली तिथेच दुरुस्ती वाचायची, एवढी एकच अट मी सरांना घातली होती. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण सातवी बला अर्धवर्तुळात बसवलं. मुलं गवत उपटत होती, एकमेकांच्या बुटांवर माती टाकत होती. ती कडेला बसली होती.

“आमच्या कागदात एक चूक झाली होती,” मी वाचलं. “हजेरी क्रमांक सतरा. सातही दिवस चार ते साडेपाच पट्टा अंगावर होता. डायरीतली नोंद बरोबर आहे. चूक आमच्या नियमाची होती, आणि तो नियम मी लिहिला होता.”

कुजबुज झाली. पुढच्या रांगेतल्या एकीनं हात वर केला.

“मग ती करत काय होती?”

“हो, मॅडम,” सरही म्हणाले. मला पेचात पकडायचा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. “दीड तास? न हलता? माझ्याच्यानं पाच मिनिटं होणार नाही.”

सगळे माझ्याकडे पाहत होते. तीही पाहत होती, गुरुवारसारखीच, मान न हलवता.

“बसली होती,” मी म्हणाले. “पट्टा हालचाल मोजतो, सर. कारण मोजत नाही.”

“म्हणजे खोटारडी नाही,” मागून कोणीतरी ओरडलं, “आळशी!”

हशा पिकला. मला वाईट वाटलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली,

“आळशी चालेल.”

आणि ती इतक्या खुशीत म्हणाली, की हसणाऱ्यांचाच विरस झाला.

सर हसले नव्हते. ते गळ्यातल्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. मग मैदानावरच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “त्या दिवशी मी जे बोललो ते मागे घेतो. गुणवही माझ्या टेबलावर आहे. उद्या आठला ये. पेन्सिलीला टोक करून आण, मागच्या वेळी सहा आणि शून्य सारखेच दिसत होते.”

“सारखे नव्हते,” ती म्हणाली.

“बरं, नव्हते.”

शाळा साडेतीनला सुटली. मी पेटी घेऊन फाटकाकडे चालले होते. ती मागून आली आणि माझ्याबरोबर चालू लागली. गुणवही तिनं छातीशी धरली होती. उद्यापर्यंत टेबलावर ठेवायचा धीर तिला झाला नव्हता.

“मॅडम, माझा आकडा किती आला?”

“कसला?”

“बसण्याचा.”

तो मला पाठ होता. “दिवसाला सरासरी नऊ तास बेचाळीस मिनिटं.”

“जास्त आहे?”

“बराच.”

“वर्गात कितवी?”

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न या बाजूनं कोणी विचारला नव्हता. “पहिली,” मी म्हणाले.

“पहिली?”

“पहिली. दुसरा नंबर तुझ्यापेक्षा पन्नास मिनिटं मागे आहे.”

ती फाटकापाशी थांबली. दोन्ही गालांवर हसू हळूहळू पसरत गेलं.

“आजोबांना सांगते, पहिली आले म्हणून,” ती म्हणाली. “कशात ते नाही सांगणार.”

शाळेच्या घड्याळात पावणेचार झाले होते. तिनं ते पाहिलं, वही दप्तरात कोंबली आणि धावत सुटली. धावणं काही चांगलं नव्हतं. दप्तर पाठीवर आपटत होतं, एक पाय जरा बाहेर पडत होता. पण कोपऱ्यावर वळेपर्यंत ती थांबली नाही. पट्टा माझ्या पेटीत होता, त्यामुळे त्याची नोंद कुठेच झाली नाही.